मंकचा मठ कुठल्या गावात आहे?

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर बसून पात्रे रंगवायच्या खेळात नवी मोहीम ठरते. चिलखतातला सरदार, एल्फ तिरंदाज, देवळातली पुजारीण, चोर असे चौघे जमतात आणि पाचवा म्हणतो, "मी मंक घेतो." मंक म्हणजे रिकाम्या हाताने लढणारा साधू. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, जरा अडखळतो आणि सांगतो, "बरं, तू पूर्वेकडच्या लांबच्या डोंगरातून आलायस." घोळ इथेच होतो. लांबून आलेल्याला गावात ना सोयरा, ना वैरी, ना उधारी. तिसऱ्या बैठकीपर्यंत तो नुसता जास्त बुक्के मारणारा माणूस उरतो.

हा घोळ जवळजवळ खेळाइतकाच जुना आहे. खेळात मंक १९७५ साली आला. १९८५ मध्ये त्याला आशियाई वळणाच्या वेगळ्या पुस्तकात हलवले, १९८९ च्या मुख्य पुस्तकात तो नव्हताच, २००० साली परत आला. त्याचे करायचे काय, हे कर्त्यांनाही लवकर उमगले नाही. गंमत म्हणजे १९७८ च्या नियमांत उत्तर अर्धे होते: वरच्या लेव्हलची पदे मोजकीच, आणि पद हवे तर त्यावर बसलेल्या मंकला झुंजीत हरवायचे. म्हणजे संस्था होती, उतरंड होती. नव्हता तो फक्त पत्ता.

म्हणून आधी मठ उभा करा, पात्र नंतर. गोव्यातल्या टेबलाला हे अवघड नाही. एकीकडे कवळे आणि पार्तगाळचे मठ: स्वामी, शिष्यस्वीकार, परंपरा, जमिनी. दुसरीकडे जुन्या गोव्यातले कॉन्व्हेंट, म्हणजे ख्रिस्ती मठ. रेइश मागूशला तर किल्ला आणि फ्रान्सिस्कनांचे चर्च एकमेकांना खेटून, खाली मांडवी. पाश्चात्त्य वळणाच्या नकाशावर हीच जोडी उचलून ठेवा.

संघ निवडताना एक चूक हटकून होते. युरोपातला मंक म्हटला की संत बेनेडिक्टच्या नियमाने चालणारा साधू डोळ्यांसमोर येतो. पण तो एकाच मठात आयुष्य काढायचे व्रत घेतो. असा माणूस गुहेत ड्रॅगन मारायला जाईल कसा? फिरणारे ते फ्रायर, म्हणजे तेराव्या शतकापासूनचे फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन. भिक्षा मागत गावोगाव हिंडणारे. साहसाला निघणाऱ्या पात्राला हा साचा घ्या. मठात बसलेला गुरू बेनेडिक्टच्या साच्यातला चालेल.

साधू आणि मारामारी जमत नाही, असे कोणी म्हणाले तर इंग्लंडात लीड्सच्या संग्रहालयातली हस्तलिखित पोथी सांगा. साधारण १३०० च्या आसपासची ही पोथी युरोपातली तलवारबाजीची सर्वांत जुनी ज्ञात पोथी, आणि तिच्या चित्रांत तलवार-ढाल शिकवणारा आहे एक पाद्री. आपल्याकडे पेशवाईतले गोसावी आठवा: संन्यासी, सावकार, व्यापारी आणि वेळ पडली तर भाडोत्री शिपाई. युरोपातले टेम्पलर, म्हणजे लढवय्ये साधू, हेही लढत आणि हुंडीचा व्यवहारही करत. तुमच्या मठाला असा एक धंदा हवाच. नुसते ध्यान करणारा मठ पार्टीला, म्हणजे पात्रांच्या टोळीला, कुठे पाठवत नाही. ज्या मठाचे पैसे कोणीतरी बुडवले आहेत, तो पाठवतो.

मग येतो खरा प्रश्न: सगळे जग तलवारी घेऊन फिरताना हा रिकाम्या हाताने का? "ध्यानाने शक्ती मिळते" हे उत्तर नव्हे. बंदी शोधा. एक नमुना मांडतो, तसाच उचलला तरी हरकत नाही.

नदीच्या मुखाशी मठ, वर टेकडीवर सरदाराचा किल्ला. ऐंशी वर्षांपूर्वी मठाने बंडखोरांना आसरा दिला. तहात अट पडली: मठाच्या माणसाने पात्याला हात लावायचा नाही. लोकांना होडीने नदीपार नेण्याचा, म्हणजे तर चालवण्याचा, हक्क मात्र मठाकडे राहिला. म्हणून इथले मंक वल्ह्यानेच लढतात; नियमांत तो क्वार्टरस्टाफ, म्हणजे लांब लाठी. डुलत्या होडीच्या काठावर उभे राहून तोल शिकलेले, त्यामुळे लाथ नेमकी. नदीपार जाणाऱ्या प्रत्येकाची बातमी त्यांना ठाऊक. किल्ल्यातला जुना शिपाई त्यांना बघून थुंकतो, कोळणी मात्र पहिला मासा त्यांना देतात. आता पात्राला गाव आहे, वैरी आहे आणि डीएमला पहिल्याच दिवशी तीन प्रसंग.

शस्त्रांची नावे बदलायला बिचकू नका. खेळाच्या २०१४ च्या पुस्तकातच 'कामा' या जपानी शस्त्रासाठी विळ्याचे आणि नुनचाकूसाठी सोट्याचे आकडे वापरा असे म्हटले आहे. तेच उलटे करा. आकडे तेच, बोली गावची. मारामारीचे वर्णनही "तू पंच मारलास" यावर थांबवू नका. ढाक लावली, धोबीपछाड दिली, मल्लखांबावरून उतरावे तसा भिंतीवरून उतरला. हे शेवटचे वाक्य ऐकल्यावर स्लो फॉल, म्हणजे पडताना कमी इजा होण्याची मंकची शक्ती, टेबलाला आपोआप दिसते.

आकड्यांत कुठे फसते ते बघा (२०१४ ची आवृत्ती). पहिल्या लेव्हलला चपळाई १६, शहाणपण १६ (दोन्हींचे ३-३) धरले तर आर्मर क्लास, म्हणजे शत्रूला गाठावा लागणारा आकडा, १० + ३ + ३ म्हणजे १६. चेन मेल, म्हणजे साखळ्यांचे चिलखत, घातलेल्या योद्ध्याचाही १६, पण तो ढाल घेऊन १८ ला जातो आणि त्याचा हिट डाय, म्हणजे मार सोसायची ताकद ठरवणारा फासा, दहाचा, मंकचा आठचा. तेव्हा मंकला दारात उभा करून "अडव" म्हणणे म्हणजे त्याला मारणे. त्याची जागा बाजूने आत घुसून मागच्या जादूगाराला गाठण्याची.

मंकच्या खास शक्ती 'की' नावाच्या गुणांवर चालतात; पाचव्या लेव्हलला ते पाच. दोन हल्ले, एक की देऊन आणखी दोन, आणि चारही लागले तर प्रत्येकावर एकेक की देऊन स्टन, म्हणजे समोरच्याला सुन्न करणे: पाची की एका फेरीत संपल्या. दिवसात एकच मोठी लढाई ठेवलीत तर तो तुमचा खलनायक गोठवतो. विश्रांती न देता चार लढाया ठेवल्यात तर तो रिकामा फिरतो. की परत मिळवून देणाऱ्या तासाभराच्या दोन शॉर्ट रेस्ट, म्हणजे छोट्या विश्रांती, दिवसात ठरवून ठेवा, भांडण मिटते. २०२४ च्या नियमांत स्टन एका टर्नला एकदाच, म्हणून तिथे हा त्रास कमी.

आणि २०१४ च्या नियमांतला वेअरवुल्फ, म्हणजे लांडगा होणारा माणूस. जादू किंवा चांदी नसलेल्या माराला तो दाद देत नाही, आणि मंकची मूठ जादूची ठरते सहाव्या लेव्हलला. चौथ्या लेव्हलच्या पार्टीवर तो सोडलात तर मंकवाला खेळाडू तासभर फोन बघेल. शस्त्राला चांदी चढवायचा खर्च १०० सोन्याची नाणी. ती मठाने द्यावी: चांदी मढवलेले वल्हे, उसने, नोंदवहीत सही करून. हरवले तर जाब द्यायला मठात जावे लागेल, म्हणजे पुढचा प्रसंग तयार. खजिन्यात प्लस वन लाँगस्वोर्ड, म्हणजे जादूची लांब तलवार, निघाली की मंक हिरमुसतो, तिथेही हीच युक्ती: तलवार पार्टीतल्या सरदाराला, मंकला मठाचे देणे फिटल्याची पावती.

व्रते तीनच ठेवा आणि प्रत्येकाचे प्रायश्चित्त आधी लिहून ठेवा. पात्याला हात लावला तर सात दिवस होडीची तर चालवणे, एवढे साधे. प्रायश्चित्त लिहिलेले नसले की व्रत मोडले म्हणून पात्रच बाद करायचा मोह होतो, आणि मग खेळाडू व्रताच्या जवळही फिरकत नाही.

मोहीम लांब चालणार असेल तर संन्याशांचा चातुर्मास उचला. एरवी फिरायचे, पावसाचे चार महिने एका जागी. नदीला पूर, होडीची तर बंद, वाटा चिखलात. डाउनटाइमचे, म्हणजे दोन साहसांमधल्या रिकाम्या काळाचे, सगळे नियम या चार महिन्यांत बसवा: चोर शहरात, जादूगार पोथ्यांत, मंक मठात. पाऊस उघडला की पहिली होडी तोच सोडतो, आणि पलीकडच्या काठावर कोण उभे आहे ते डीएमने ठरवायचे.