वॉर्सा १९४४: बाहेरून आलेली मदत खरी किती, हे कसं तपासायचं

आधी नकाशा उघडा. पोलंडचं वॉर्सा शोधा, मग इटलीचं ब्रिंडिसी. १ ऑगस्ट १९४४ला वॉर्सात जर्मन कब्जाविरुद्ध पोलिश लोकांचा उठाव सुरू झाल्यावर त्यांना मदत टाकायला ब्रिटिश, दक्षिण आफ्रिकी आणि पोलिश वैमानिक एवढ्या लांबून रात्रीचे यायचे, कितीतरी परतलेच नाहीत. आता व्हिस्टुला नदीचा पूर्व काठ बघा, सप्टेंबरच्या मध्यात सोव्हिएत फौज तिथेच, नदीपलीकडे! तरी स्टालिनने दोस्त राष्ट्रांची विमानं आपल्या तळांवर उतरू द्यायला कित्येक आठवडे नकार दिला, हे वाचताना अजून पोटात तुटतं (युद्धकाळात पोलिश निर्वासित राहिले त्या वळिवड्याच्या कँपमुळे आम्हा कोल्हापूरकरांना पोलिश लोक परके नाहीतच).

म्हणून नुसतं 'किती टन पाठवलं' बघून थांबू नका, कधी पाठवलं आणि कोणाच्या हातात पडलं ते शोधा. १८ सप्टेंबरला अमेरिकेची शंभरावर विमानं आली, पण तोवर उठाववाल्यांकडे शहराचे तुकडेच उरलेले, त्यामुळे बहुतेक कंटेनर जर्मनांना मिळाले. सोव्हिएत पोती तर कित्येकदा पॅराशूटशिवाय टाकलेली, आतल्या बंदुका आपटून वाकायच्या.

६३ दिवसांनी, २ ऑक्टोबरला शरणागती झाली. प्रत्येक आकड्याशेजारी ही तारीख लिहून ठेवा.