क्लिपिंग मास्क लागत नाहीये? आधी खालचा लेयर तपासा

एखादा फोटो अक्षरात किंवा झाडाच्या पानाच्या आकारात बसवायचा तर फोटोशॉपमधली कृती एवढीशीच. आकार खालच्या लेयरवर (म्हणजे थरावर), फोटो लगेच त्याच्या वर, वरचा लेयर निवडून लेयर मेनूतून 'क्रिएट क्लिपिंग मास्क', की आकाराबाहेरचा फोटो लपतो. हे तुम्हाला माहीत असणारच. तरी नवशिक्यांचं घोडं इथेच अडतं, माझंही बरेच दिवस अडलं होतं: लेयरशेजारी छोटा बाण येतो, पण फोटो मात्र चौकोनीच्या चौकोनी.

कारण क्लिपिंग मास्क रंग बघतच नाही. तो फक्त खालच्या लेयरवर कुठे पिक्सेल आहेत आणि कुठे रिकामं आहे, एवढंच बघतो. पांढऱ्यावर काळं पान असलेली जेपेग आपल्याला 'पानाचा आकार' वाटते. सॉफ्टवेअरच्या लेखी तो भरलेला आयत असतो. पांढरा हाही रंगच, रिकामी जागा नव्हे. जेपेगमध्ये पारदर्शकता साठवताच येत नाही. पीएनजीत येते, पण नेटवरच्या कित्येक 'पारदर्शक' पीएनजींमध्ये पारदर्शकता दाखवणारे मागचे राखाडी चौकोन चक्क चित्रातच रंगवलेले असतात! म्हणून डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. कंट्रोल दाबून लेयरच्या थंबनेलवर (यादीतल्या छोट्या चित्रावर) क्लिक करा. तुटक रेघा पानाभोवती फिरल्या तर ठीक, चौकटीभोवती फिरल्या तर तुमच्याकडे आकारच नाही. टाइप टूलने लिहिलेलं अक्षर किंवा शेप टूलचा आकार घेतला, तर ही भानगडच नसते.

मग पांढरा भाग काढायचा कसा? मॅजिक वाँडने (एकसारखा रंग निवडणाऱ्या टूलने) निवडून डिलीट, असं सगळे सांगतात. मला ते पटत नाही. कडेच्या राखाडी पिक्सेलांची पांढरट किनार मागे राहते आणि 'कंटिग्युअस' (फक्त एकमेकांना लागून असलेला भाग निवडणं) चालू असेल तर 'ठ'च्या पोटातला पांढरा भाग तसाच राहतो. त्यापेक्षा काळं-पांढरं चित्र कॉपी करा, फोटोच्या लेयरला लेयर मास्क द्या, ऑल्ट दाबून मास्कच्या थंबनेलवर क्लिक करा, तिथे पेस्ट करा आणि कंट्रोल-आय दाबून उलटं करा. मास्कमध्ये पांढरं दिसतं, काळं लपतं, राखाडी अर्धवट दिसतं, त्यामुळे कडा मऊच राहतात. मग क्लिपिंगची गरजच नाही. इरेझरने मात्र काही खोडू नका. मास्क चुकला तर पुन्हा रंगवता येतो, खोडलेलं फाइल बंद केल्यावर परत येत नाही.

शॉर्टकट पाठ करण्याची घाई नको. क्लिपिंग लावणारं ऑल्ट-कंट्रोल-जी दुसऱ्यांदा दाबलं की क्लिपिंग सुटतं, आणि चाचपडत तेच दाबत राहणारे खूप पाहिलेत. 'दे इकडे, दोन मिनिटांत करतो' म्हणणाऱ्या गुरूंपासूनही लांब राहा. फाइल तयार मिळते, डोक्यात काही उरत नाही.

जिंप हे मोफत सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी आकाराच्या लेयरवर राइट-क्लिक करून 'अल्फा टू सिलेक्शन' घ्यावं आणि फोटोच्या लेयरला त्या सिलेक्शनवरून मास्क द्यावा. सापळा तिथेही तोच: अल्फा, म्हणजे पारदर्शकतेची माहिती, नसेल तर सिलेक्शन चौकोनीच येणार.

फोटो फिकट दिसला तर घाबरू नका, खालच्या लेयरची ओपॅसिटी (अपारदर्शकता) बघा. ती कमी असेल तर वरचा फोटोही फिका पडतो. आणि निर्यात करताना पीएनजीच निवडा, जेपेगमध्ये घालवलेलं पांढरं पुन्हा हजर.