स्प्रिंग-पिस्टन एअर पिस्तूल कसे चालवावे आणि कसे सांभाळावे

माझ्याकडे जर्मनीच्या वाइराउख कंपनीचे एचडब्ल्यू ४५ आहे, ४.५ मिमी छर्र्याचे. गॅसची नळकांडी नाही, पंप नाही. हे पिस्तूल जागच्या जागी टिपत नाही अशी तक्रार बरेचजण करतात. माझ्या मते ते उत्तम टिपते, फक्त त्याला हलू द्यावे लागते.

आधी जागा पाहा. खोक्यात जुन्या चिंध्या दाबून भरा, मागे जाड फळी लावा आणि खोक्याच्या पुढच्या बाजूवर लक्ष्यपत्र डकवा. शिशाचा छर्रा कडक पृष्ठभागावर आपटला की त्याचे तुकडे उलटे येतात, म्हणून चष्मा हवाच. सोसायटीच्या गॅलरीत हा उद्योग नको. आणि पक्ष्यांवर तर मुळीच नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आहेच.

आता ताणणे. पिस्तुलाच्या मागच्या टोकाचा, बंदुकीच्या घोड्यासारखा दिसणारा खटका मागे ओढला की वरचा भाग सुटतो. तो उचलून पुढे न्यायचा. पहिल्या टप्प्यावर थांबलात तर कमी जोर, शेवटपर्यंत नेलात तर पूर्ण जोर. सरावाला पहिला टप्पा पुरतो. या सगळ्या वेळात बोट ट्रिगरपासून लांब, आणि वरचा भाग बंद होईपर्यंत हातातून सोडायचा नाही. उघड्या नळीत छर्रा ठेवून अंगठ्याने दाबा. त्याची कड नळीच्या तोंडाशी सपाट बसली पाहिजे. पोलादी गोल बीबी (बारीक गोळ्या) यात घालू नका, नळीचे आटे, म्हणजे आतल्या पिळदार खाचा, खराब होतात.

खरी गंमत पकडीत आहे. ट्रिगर ओढला की स्प्रिंग पिस्टनला ढकलते, पिस्टन हवा दाबतो आणि त्या हवेने छर्रा निघतो. म्हणजे छर्रा नळीत असतानाच पिस्तूल हलायला लागलेले असते. एचडब्ल्यू ४५ मध्ये तर पिस्टन मागच्या दिशेने येतो, त्यामुळे धक्काही वेगळाच जाणवतो. मूठ करकचून आवळली तर ही हालचाल दरवेळी वेगळी होते आणि छर्रे विखुरतात. पकड सैल, पण दरवेळी तीच ठेवा. किलोभराहून जास्त वजन हात स्थिर ठेवायला मदतच करते. नजर पुढच्या साइटवर (नेम धरायच्या पुढच्या खुणेवर) असू द्या, लक्ष्य थोडे धूसर दिसले तरी चालेल. छर्रा लागल्याचा आवाज आल्यावरही क्षणभर हात खाली आणू नका. एवढ्या एका सवयीने दहा मीटरवरचा छर्र्यांचा घोळका लहान होतो. वेगवेगळ्या डब्यांतले छर्रेही वापरून पाहा, प्रत्येक पिस्तुलाची आवड वेगळी असते.

छर्रा न भरता ट्रिगर ओढू नका. पुढे हवेची गादी नसल्याने पिस्टन धाडकन आदळतो, सील आणि स्प्रिंग दोन्ही खराब होतात. ताणलेले पिस्तूल तसेच ठेवूनही देऊ नका.

दाबलेली हवा ज्यातून नळीत जाते त्या छिद्रात शिलाई मशीनचे तेल सोडायचे नाही. दाबलेली हवा इतकी तापते की तेल पेटते. धूर आणि मोठा आवाज ही त्याची खूण. तिथे क्वचित सिलिकॉन तेलाचा एखादा थेंब पुरे. बिजागरीला मात्र मॉली (मॉलिब्डेनमयुक्त) ग्रीस. हादऱ्याने स्क्रू ढिले होतात, ते अधूनमधून तपासा. सराव संपला की हात साबणाने धुवा, शिसे आहे.

भारतात ४.५ मिमीपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. खरेदीला ओळखपत्र न्या आणि बिल जपा.

जोर कमी झाला तर स्प्रिंग घरी उघडू नका. ती आत दाबून बसवलेली असते आणि सुटली तर तोंडावर येते. दाबून धरायचे साधन असलेल्या कारागिराकडेच द्या.