शिवसागरात इको साउंडरने खोली मोजताना

इको साउंडर म्हणजे ध्वनी तळावरून परतायला लागणाऱ्या वेळेवरून खोली काढणारं यंत्र. कोयनेच्या शिवसागर जलाशयात त्याने खोली मोजायला संशोधन जहाज लागत नाही, साधी बोट पुरते. पण समुद्रातली सेटिंग तशीच ठेवू नका. यंत्रात ध्वनीचा वेग बहुधा १५०० मीटर प्रतिसेकंद धरलेला असतो. २० अंशांच्या गोड्या पाण्यात तो १४८२ च्या आसपास. न बदलल्यास ४० मीटर खोली अर्धा मीटर जास्त दिसते.

ट्रान्सड्यूसर (ध्वनी सोडणारा आणि प्रतिध्वनी पकडणारा भाग) बोटीच्या मध्यावर, कडेला, पंख्यापासून लांब, अर्धा मीटर पाण्याखाली घट्ट बांधा. बुडबुडे आले की प्रतिध्वनी तुटतो. जीपीएसचा अँटेना बरोबर ट्रान्सड्यूसरच्या डोक्यावर. मग खुणांच्या तारेने लोखंडी पत्रा ट्रान्सड्यूसरखाली ५ आणि १० मीटरवर सोडून यंत्राचे आकडे जुळवा. हे टाळलं तर बाकी मेहनत फुकट. २०० किलोहर्ट्झचा ध्वनी मऊ गाळाच्या माथ्यावरूनच परततो, गाळाखालचा जुना तळ हवा तर कमी वारंवारता लावा. धरणाची पाणीपातळी मोजणीच्या दिवशी नोंदवाच.