गोगँचं ‘फ्रान्सची फुलं’ पाहताना या चुका टाळा

फ्रेंच चित्रकार पॉल गोगँचं ‘ते तियारे फरानी’, म्हणजे ‘फ्रान्सची फुलं’, हे १८९१चं तैलचित्र मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात आहे. टेबलावर कण्हेरीचा भरगच्च गुच्छ, डावीकडे टोपीवाला मुलगा, त्याच्याजवळ एक तरुणी.

पहिली चूक इथेच होते. माणसं दिसली की आपण नाती लावायला बसतो: प्रेमी असतील, रुसवा असेल. चित्रात त्याला काही आधार नाही. आधी चित्राचे उभे तीन भाग कल्पून कोणत्या भागात काय आहे ते लिहून काढा. माणसं कडेला सरकली आहेत आणि मोक्याची जागा फुलांनी घेतली आहे, हे लगेच दिसेल. फुलांना ‘सजावट’ म्हणून बाजूला सारलं तर अर्धं चित्र हातचं गेलं.

चित्राला फारशी खोली दिसत नाही, म्हणून ‘यथादर्शन (दूर-जवळचा भास) चुकलं’ असा शेरा मारू नका. रंगाचे सपाट भाग आणि ठळक कडा ही रीत गोगँने १८८८मध्ये फ्रान्समधल्या पाँताव्हेन गावी जाणूनबुजून पत्करली होती. रंगछटांवर मात्र मोबाइलच्या पडद्यावरून निकाल देऊ नये. दोन छायाप्रतींतला गुलाबीसुद्धा जुळत नाही.

प्रतीकांचा कोश उघडणं ही सगळ्यांत आवडती चूक. कण्हेर विषारी, म्हणजे मृत्यू! हे कुठल्याही कण्हेरीला लागू पडेल, मग या चित्राबद्दल काय कळलं? त्यापेक्षा शीर्षक धरा. पॅसिफिक महासागरातलं ताहिती बेट १८८०मध्ये फ्रेंच वसाहत झालं. युरोपला कंटाळलेला गोगँ जून १८९१मध्ये तिथे उतरला, आणि त्याच वर्षी त्याने फूल रंगवलं ते बाहेरून आलेलं. नाव ताहितीच्या भाषेत, फुलं फ्रान्सची, मुलाच्या डोक्यावर युरोपीय धाटणीची टोपी. या चित्राला ‘अस्सल ताहितीचं जीवन’ म्हणणारे नेमका हाच ताण गमावतात.

शेवटचा घोळ फ्रेंच चित्रकार देगाशी तुलना करताना होतो. देगाच्या १८६५च्या, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या चित्रातही गुच्छ मध्यभागी आणि बाई कडेला आहे. गोगँला देगाबद्दल आदर होता, तेव्हा तुलना रास्तच. पण दोन्ही कॅनव्हास साधारण ७३ बाय ९२ सेंटिमीटरचे, हा पुरावा मानू नका. फ्रान्समध्ये तो ‘३० नंबर’चा तयार आकार होता, दुकानात कोणालाही मिळायचा. मांडणीतलं साम्य दाखवा: देगाची बाई आणि गोगँची ही दोघं कडेला कशी ढकलली आहेत, चौकटीने त्यांना कुठे कापलंय.