पोरांना पिशवी शिवायला शिकवताना

मशीन अजिबात काढू नका, सुईदोराच बरा. कापड जुनी बेडशीट किंवा कॉटनच्या साडीचा काठाकडचा भाग, सिंथेटिक नको, सुई सटकते आणि पोरं वैतागतात. ८-९ वर्षांच्या मुलाला मोठ्या नेढ्याची सुई द्या नि दोरा हातभरच, लांब दिला की गुंता झालाच समजा.

आधी कागदावर पेन्सिलने ठिपके काढून त्यावरून धावदोरा (सुई वर-खाली करत घातलेले साधे सरळ टाके) घालायला लावा, मग कापड. १६ बाय ३६ इंचाचा तुकडा घ्या, तोंडाच्या दोन्ही कडा (१६ इंचाच्या) आधी अर्धा इंच, मग एक इंच दुमडून शिवून टाका (हे सपाट कापडावर सोपं जातं, पिशवी झाल्यावर हात आत घालून शिवणं म्हणजे वैताग). मग सुलट बाजू आत ठेवून मधोमध दुमडा, दोन्ही बाजूंना अर्ध्या इंचावर खडूने रेघ मारा आणि त्यावर उलटी टीप, म्हणजे प्रत्येक टाका थोडा मागे जाऊन घालायचा. धावदोऱ्यावर बटाट्याचं वजन टिकत नाही, आमच्याकडे भर मंडईत दोन किलो कांदे रस्त्यावर लोळलेत 😄

बंदांसाठी ४ बाय २२ इंचाच्या दोन पट्ट्या, चौपदरी दुमडून शिवायच्या. तोंडाला जोडताना पट्टीच्या टोकावर टाक्यांचा चौकोन आणि आत फुली, ही शिलाई मात्र तुम्ही एकदा ओढून बघा. टाके वाकडे आले तर उसवून देऊ नका हं, लेकीची पहिली पिशवी तशीच वाकडी आहे आणि दळणाला तीच जाते.