टाकीखालचा कॉक घेताना

टाकीच्या आउटलेटला मी गेट व्हॉल्व्ह, म्हणजे चाक फिरवून बंद करायचा कॉक, बसवत नाही. वर्षभर कुणी हात लावत नाही, बोअरच्या पाण्याचे क्षार आत बसतात आणि ऐन गळतीच्या दिवशी चाक नुसतं गरगर फिरतं, पाणी चालूच. पाव फेरीत बंद होणारा पितळी बॉल व्हॉल्व्ह घ्या. दुकानातच उघडून उजेडाकडे धरा: भोक पाइपाएवढं हवं, आतला गोळा गुळगुळीत. हाताला जड लागला पाहिजे. वरची चकाकी निकेलची, तिला भुलू नका. सीपीव्हीसी (प्लास्टिकच्या पाइपाची) लाइन असेल तर त्याच मटेरियलचा युनियनवाला, म्हणजे नट सोडवून काढता येणारा, घ्या, बदलताना पाइप कापावा लागत नाही. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनेच गुंडाळा. बसवल्यावर महिन्यातून एकदा उघड-बंद करा. पोरांना सांगा, आवडीनं करतात.